खिंड नसलेला घाट : हायड्रोजन आणि लिथियम हायड्राइडच्या टकरीचा हिशेब

जानेवारीत ईडन प्रेरीत पारा उणे पंचवीस सेल्सिअसच्या आसपास गेला, की सकाळी गाडी सुरू करताना बॅटरी कुरकुर करते. बॅटरीत रासायनिक अभिक्रिया चालतात आणि थंडीत त्या मंदावतात. दूध फ्रिजमध्ये टिकतं आणि इडलीचं पीठ इथल्या हिवाळ्यात फुगता फुगत नाही, तेही याच कारणाने. शाळेत आपण नियमच शिकलो होतो: तापमान वाढवा, अभिक्रिया वेगाने होईल, कमी करा, ती हळू होईल.

आज तुम्हाला अशा एका अभिक्रियेची ओळख करून द्यायची आहे, जी थंडीची फारशी पर्वा करत नाही. ती दिसायला अगदी साधी आहे. एका बाजूला हायड्रोजनचा एकटा अणू. दुसऱ्या बाजूला लिथियम हायड्राइडचा एक रेणू, म्हणजे लिथियमचा एक अणू आणि त्याला चिकटलेला हायड्रोजनचा एक अणू. दोघांची वायुरूपात टक्कर होते आणि पुढचं घडतं:

हायड्रोजन + लिथियम हायड्राइड → लिथियम + हायड्रोजनचा रेणू

एवढंच. एकूण तीन अणुकेंद्रं आणि पाच इलेक्ट्रॉन. चहाच्या कपात साखर विरघळते तेव्हा याच्या कित्येक अब्जपट गुंतागुंत असते. तरीही या आठ कणांच्या हिशेबासाठी रोमपासून हैदराबादपर्यंतच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं खर्च केली. विश्वाच्या बाल्यावस्थेतला एक प्रश्न या हिशेबावर अवलंबून होता. आणि असे हिशेब करण्याच्या शास्त्राचं एक महत्त्वाचं घर ईडन प्रेरीपासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे.

आधी घाट समजून घेऊ

रसायनशास्त्रातली टक्कर समजून घ्यायला सह्याद्रीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कधी ट्रेकला गेला असाल तर समोच्च रेषांचा नकाशा पाहिला असेल. त्यात दरी कुठे, डोंगर किती उंच, खिंड कुठे हे सगळं दिसतं. रसायनशास्त्रज्ञही असाच नकाशा काढतात, पण त्यात गावं नसतात. अणूंमधली अंतरं हे तिथले अक्षांश-रेखांश आणि ऊर्जा ही तिथली उंची. अणू एका विशिष्ट मांडणीत असतील तर त्यांची एकूण स्थितिज ऊर्जा किती, हे प्रत्येक ठिकाणची उंची सांगते. याला स्थितिज ऊर्जेचा पृष्ठभाग म्हणतात. आपण त्याला सरळ 'ऊर्जेचा नकाशा' म्हणू.

अभिक्रिया म्हणजे या नकाशावर एका दरीतून दुसऱ्या दरीत जाणं. पहिल्या दरीत सुरुवातीचे पदार्थ, दुसरीत तयार होणारे. मध्ये डोंगर असेल तर त्याच्या सर्वांत सखल जागेतून, म्हणजे खिंडीतून, ओलांडावं लागतं. खिंड जितकी उंच, तितके कमी अणू ती पार करतात, कारण तेवढी ऊर्जा फार थोड्यांकडे असते.

किती थोड्यांकडे, ते आपण काढू शकतो. खिंडीची उंची त्या तापमानाच्या सरासरी औष्णिक ऊर्जेच्या किती पट आहे, ते मोजायचं. आलेल्या संख्येइतक्या वेळा २.७१८ ने भागत गेलं, की साधारण किती टकरींमागे एक टक्कर पुरेशी जोरदार असते ते कळतं. पंचवीस सेल्सिअसला औष्णिक ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं सोयीचं एकक आहे.)

हायड्रोजनचा अणू हायड्रोजनच्या रेणूवर आपटून जोडीदार बदलतो, ही रसायनशास्त्रातली सगळ्यात साधी अभिक्रिया. तिच्या वाटेतली खिंड सुमारे ०.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंच आहे. भागाकार येतो जवळपास १६. म्हणजे पंचवीस सेल्सिअसला साधारण सव्वा कोटी टकरींत एखादी टक्कर ही खिंड ओलांडण्याइतकी जोरदार असते. उणे पंचवीसला तीच संख्या चौतीस कोटींत एक होते. पन्नास अंशांच्या फरकाने सत्तावीसपट घट! आपल्या गाडीच्या बॅटरीचं रसायन वेगळं असलं, तरी दुखणं याच जातीचं.

हा घाट मात्र उताराचा आहे

आता लिथियम हायड्राइडकडे येऊ. लिथियम आणि हायड्रोजनमधला बंध तोडायला सुमारे २.४३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. हायड्रोजनच्या दोन अणूंमधला बंध त्याहून बराच मजबूत: ४.४८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे कच्चा बंध तुटून पक्का बंध तयार झाला, तर सुमारे २.०५ इलेक्ट्रॉन व्होल्ट शिल्लक उरतात. घरातल्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या ही रक्कम ऐंशीपट आहे.

घाटमाथ्यावरून कोकणात उतरण्यासारखीच ही परिस्थिती. सुरुवातीची दरी उंचावर, शेवटची खूप खाली. पण नुसता उतार पुरेसा नसतो. कोकणात उतरण्याआधी घाटमाथ्यावर एखादा छोटा चढ असू शकतो, आणि तेवढा चढही थंडीत वाट अडवायला पुरतो. म्हणून खरा प्रश्न होता: वाटेत असा चढ आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. समजा, ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा चढ आहे. घरातल्या तापमानाला त्याने अभिक्रिया पन्नासेक पटींनी मंदावेल. पण १०० केल्विनला, म्हणजे उणे १७३ सेल्सिअसला, ती सुमारे एक लाखपट मंदावेल. चढ नसेल तर लिथियम हायड्राइडचा रेणू थंड हायड्रोजनमध्येही भराभर मोडत राहील. चढ असेल तर तो सुरक्षित राहील. एक लाखपट फरक पडतो तो नकाशावरच्या एका लहानशा उंचवट्यामुळे.

इलेक्ट्रॉनांचं गणित काळजीपूर्वक सोडवून काढलेल्या नकाशांनी या अभिक्रियेसाठी उत्तर दिलं ते असं: वाटेत म्हणावी अशी खिंड नाही. अणू आला की वाट सरळ खाली जाते.

मोजून का पाहत नाहीत?

तुम्ही म्हणाल, एवढी डोकेफोड कशाला? दोन्ही पदार्थ एका भांड्यात घालून अभिक्रियेचा वेग मोजावा. अडचण अशी, की आपल्या पृथ्वीवर लिथियम हायड्राइड हा घन पदार्थ आहे. तो सुमारे ६९० सेल्सिअसला वितळतो आणि ओलसर हवा लागली तरी बिघडतो. त्याचे सुटे रेणू थंड वायूच्या रूपात मिळवायचे, त्यांच्यावर हायड्रोजनचे सुटे अणू सोडायचे (तेही एकमेकांना भेटले की जोड्या जमवू पाहतात), आणि या सगळ्यात एका अभिक्रियेचा वेग मोजायचा, हे फार अवघड काम आहे.

उलट दिशेने जाता येतं का? लिथियमचा अणू आणि हायड्रोजनचा रेणू घेतला तर आता घाट चढायचा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत लिथियमचा क्षार ज्योतीत धरल्यावर दिसणारा किरमिजी रंग आठवतो? तो ६७१ नॅनोमीटरचा प्रकाश. त्याच रंगाच्या लेझरने लिथियमच्या अणूला ऊर्जा दिली तर त्याच्याकडे १.८५ इलेक्ट्रॉन व्होल्ट जमा होतात. घाट २.०५ चा. अजून ०.२ कमीच! उरलेली रक्कम टकरीच्या वेगातून काढावी लागते. असे प्रयोग उपयुक्त आहेत, पण त्यात अणू उत्तेजित अवस्थेत असतो, त्यामुळे नकाशाही वेगळा होतो. आपल्याला हव्या त्या अभिक्रियेचं थेट उत्तर त्यातून मिळत नाही.

म्हणून इथे गणितालाच प्रयोगशाळा व्हावं लागतं. आणि मग जबाबदारी वाढते, कारण चूक पकडायला समोर प्रयोग नसतो.

गोट्या नव्हेत, लाटा

नकाशा हातात आला की त्यावर गोटी सोडून ती कुठे जाते ते पाहायचं, ही सोपी पद्धत. न्यूटनचे नियम लावले की झालं. संशोधक ही पद्धत वापरतात आणि पुष्कळदा ती बरंच खरं सांगते. पण हायड्रोजन हा सगळ्यात हलका अणू आहे, आणि हलके कण गोट्यांसारखे वागत नाहीत.

प्रत्येक कणासोबत एक तरंगलांबी असते. जोरात टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची तरंगलांबी इतकी लहान, की तिला काहीच अर्थ उरत नाही. हायड्रोजनच्या अणूची मात्र घरातल्या तापमानाला ती सुमारे एक अँगस्ट्रॉम असते. हायड्रोजनच्या रेणूतल्या दोन अणूंमधलं अंतर आहे ०.७४ अँगस्ट्रॉम आणि लिथियम हायड्राइडमधलं १.६ अँगस्ट्रॉम. म्हणजे आदळणारी 'गोटी' जवळजवळ लक्ष्याएवढीच पसरट आहे. १० केल्विनला तर तिची तरंगलांबी साडेपाच अँगस्ट्रॉम होते. आता अणू नेमका कुठे आदळला, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. याचे तीन परिणाम लक्षात ठेवा.

पहिला, दरीच्या तळाशी कुणी स्वस्थ बसू शकत नाही. गोटी तळाशी थांबते. लाट थांबत नाही. रेणू कितीही थंड केला तरी त्यात थोडं कंपन उरतंच. याला शून्यबिंदू ऊर्जा म्हणतात. हायड्रोजनच्या रेणूत ती सुमारे ०.२७ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, लिथियम हायड्राइडमध्ये ०.०९ च्या आसपास. त्यामुळे वर दिलेली शिल्लक नुसत्या नकाशावरून मोजली तर २.२३ येते आणि प्रत्यक्षात २.०५ उरते. गोट्यांच्या हिशेबात ही ऊर्जा इकडून तिकडे बेकायदेशीर गळू शकते, लाटांच्या हिशेबात नाही.

दुसरा, लाट डोंगरातून झिरपू शकते. खिंडीएवढी ऊर्जा नसतानाही पलीकडे सापडण्याची थोडी शक्यता असते. याला टनेलिंग म्हणतात. बोरघाटात रेल्वे डोंगराच्या माथ्यावर न चढता बोगद्यातून जाते तसंच, फक्त इथे बोगदा कुणी खणलेला नसतो. जिथे खिंड आहे, त्या हायड्रोजन अणू आणि रेणूच्या अभिक्रियेत हा परिणाम मोठा आहे. आपल्या उताराच्या घाटात त्याची गरज फारशी पडत नाही.

तिसरा, लाटा एकमेकींत मिसळतात. काही विशिष्ट ऊर्जांना तिन्ही अणू क्षणभर एकत्र रेंगाळतात आणि मग सुटतात. अशा वेळी अभिक्रियेची शक्यता एकदम वर-खाली होते. याला अनुनाद म्हणतात. तंबोऱ्याची एक तार छेडल्यावर दुसरी आपोआप कंप पावते, ते आठवा.

हिशेब कसा करतात

आता प्रत्यक्ष कृती. पाककृतीसारखी पायरी-पायरीने पाहू.

पायरी पहिली: नकाशा काढा. इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांपेक्षा फारच हलके, त्यामुळे केंद्रं हलतील तसे ते झटपट जुळवून घेतात. म्हणून आधी केंद्रं एका जागी स्थिर मानून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायची, मग केंद्रं थोडी हलवून पुन्हा काढायची. ही कल्पना बॉर्न आणि ओपेनहायमर यांनी १९२७ मध्ये मांडली. अशा हजारो मांडण्यांची ऊर्जा काढून त्यांच्यातून एक गुळगुळीत पृष्ठभाग बसवायचा. तीन अणूंसाठी तीन अंतरं पुरतात, म्हणून हा नकाशा तीन दिशांचा असतो.

पायरी दुसरी: लाट सोडा. लिथियम हायड्राइडपासून दूर, तिच्याकडे येणाऱ्या हायड्रोजनचं वर्णन करणारा लाटेचा एक गठ्ठा तयार करायचा. त्याला वेव्ह पॅकेट म्हणतात. मग श्रोडिंगरच्या समीकरणाने तो पुढे सरकवायचा, एका वेळी फेमटोसेकंदाचा एखादा छोटा अंश. (एका सेकंदात फेमटोसेकंद किती? एकावर पंधरा शून्यं.) नकाशावर बिंदूंची जाळी टाकायची, एका दिशेला १२८, दुसऱ्या दिशेला १२८ आणि कोनासाठी ५० बिंदू घेतले तरी आठ लाखांहून जास्त बिंदू झाले. प्रत्येक बिंदूवर, हजारो पावलं.

पायरी तिसरी: काठ सांभाळा. जाळी कुठेतरी संपते. तिथे लाट आदळून परत फिरली तर सगळा हिशेब बिघडेल. म्हणून काठावर लाट शोषून घेणारा एक खोटा पट्टा ठेवतात. मरीन ड्राइव्हवर काँक्रीटचे चौपायी टेट्रापॉड लाटांचा जोर जिरवतात. हे त्यांचं काम.

पायरी चौथी: मोजणी. लिथियमच्या बाजूच्या दरीत एक नाका उभारायचा आणि किती लाट पलीकडे गेली ते मोजायचं. तीच अभिक्रियेची शक्यता. एकाच लाटेच्या गठ्ठ्यात अनेक ऊर्जा मिसळलेल्या असल्याने एका फेरीत अनेक ऊर्जांची उत्तरं मिळतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

पायरी पाचवी: तिरके फटके. कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी सोंगटीच्या मधोमध बसत नाही. अणूंचंही तसंच. बाजूने आलेल्या टकरीत फिरकी जास्त असते, आणि फिरकीमुळे अणू एकमेकांपासून दूर ढकलले जातात. म्हणजे मूळ नकाशात खिंड नसली तरी फिरकीमुळे एक तात्पुरती खिंड तयार होते. म्हणून फिरकीच्या प्रत्येक परवानगी असलेल्या मूल्यासाठी, शून्य, एक, दोन असं कित्येक डझनांपर्यंत, वरचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. मग सगळ्यांची बेरीज करून छेदक्षेत्र मिळतं: हायड्रोजनला हा रेणू किती मोठं लक्ष्य वाटतो, याचं माप.

शेवटची पायरी: दिलेल्या तापमानाला वेगवेगळ्या वेगांचे अणू किती आहेत ते पाहून सरासरी काढायची. हाती येतो दर, जो खगोलशास्त्रज्ञ आपल्या गणितात वापरतात.

रोममध्ये जियानतुर्को यांच्या गटाने आणि हैदराबाद विद्यापीठात सुशांत महापात्र यांच्या गटाने आपल्या या अभिक्रियेवर अशा प्रकारचं काम केलं. त्यातून दिसलेलं चित्र साधारण असं: टकरीचा वेग वाढतो तसं छेदक्षेत्र कमी होत जातं. खिंड असलेल्या अभिक्रियेच्या हे अगदी उलट आहे. हळू येणारा अणू दुरूनच ओढला जातो. वेगाने येणारा बाजूने निसटतो. आणि कमी ऊर्जेला, नुसता हायड्रोजनचा जोडीदार बदलण्यापेक्षा लिथियम हायड्राइड मोडण्याचंच प्रमाण जास्त असतं.

आपल्या शेजारचं घर

ईडन प्रेरीच्या पूर्वेला लागून ब्लूमिंग्टन. तिथे कंट्रोल डेटा कंपनीचं मुख्यालय होतं. मिनेसोटा विद्यापीठात शिकलेल्या सीमोर क्रे यांनी या कंपनीसाठी बनवलेला ६६०० हा संगणक १९६४ मध्ये बाजारात आला आणि जगातला सर्वांत वेगवान ठरला. पुढे क्रे यांनी स्वतःची कंपनी काढली. १९८१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने त्यांचा क्रे-१ घेतला. सुपरकॉम्प्युटर घेणारं ते पहिलं अमेरिकन विद्यापीठ मानलं जातं. त्या यंत्राचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १६ कोटी गणिती क्रिया होता. तुमच्या खिशातला फोन आज त्याच्या हजारोपट क्रिया करतो.

याच विद्यापीठात १९६९ पासून डोनाल्ड ट्रूलर हे रसायनशास्त्रज्ञ काम करू लागले. हायड्रोजन अणू आणि रेणूच्या अभिक्रियेसाठी १९७८ मध्ये लिऊ आणि सीगबान यांनी काढलेल्या ऊर्जांवर ट्रूलर आणि होरोवित्झ यांनी नकाशा बसवला. चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'एलएसटीएच' म्हणतात, आणि पुढची अनेक वर्षं या क्षेत्रात तो मापदंड होता. पुढे विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटिंग संस्थेचे ते दीर्घकाळ संचालकही होते.

इथलीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तीन हायड्रोजन समभुज त्रिकोणात आले की तिथे दोन ऊर्जा-नकाशे एका टोकाला टेकतात. अणूंनी त्या टोकाभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण केली तर सगळं मूळ जागी येतं, पण इलेक्ट्रॉनांच्या तरंगाचं चिन्ह बदललेलं असतं: अधिकचं उणे. मिनेसोटातलेच ऑल्डन मीड आणि ट्रूलर यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की अणुकेंद्रांच्या हिशेबात याची नोंद कशी घ्यायची. १९८४ मध्ये मायकल बेरी यांनी ही कल्पना व्यापक रूपात मांडली आणि ती त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पण प्रकाशाच्या बाबतीत हीच गोष्ट बंगळूरमध्ये एस. पंचरत्नम या तरुण शास्त्रज्ञाने १९५६ मध्येच लिहून ठेवली होती. रासायनिक अभिक्रियेत या चिन्हबदलाची प्रत्यक्ष खूण चीनमधल्या संशोधकांना दिसली ती २०१८ मध्ये.

गणितावर विश्वास कशावरून?

प्रयोगाने तपासता येत नसलेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा तर तीच पद्धत दुसरीकडे, जिथे प्रयोग शक्य आहे, तिथे कसाला लावावी लागते. अशी एक सुंदर परीक्षा २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कॅनडातले डोनाल्ड फ्लेमिंग, मिनेसोटाचे ट्रूलर आणि त्यांचे सहकारी यांनी हायड्रोजनचे दोन बहुरूपी वापरले. एक म्युओनियम: यात प्रोटॉनच्या जागी म्युऑन असतो आणि वस्तुमान हायड्रोजनच्या जेमतेम एक नवमांश. दुसरा म्युऑनिक हेलियम: हेलियमच्या एका इलेक्ट्रॉनच्या जागी म्युऑन बसवला की तो रासायनिकदृष्ट्या हायड्रोजनसारखा वागतो, पण वजन चौपट. एकाच नकाशावर धावणारे, पण वजनात छत्तीसपट फरक असलेले दोन धावपटू! म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदच जगतो, तेवढ्यात मोजमाप उरकायचं.

हलक्या धावपटूला टनेलिंग सोपं, म्हणून तो पुढे जाईल असं वाटतं. पण नव्या बंधात त्याची शून्यबिंदू ऊर्जा इतकी मोठी होते, की त्याच्यासाठी वाट चढाची बनते आणि तो मागे पडतो. पुंजगणिताची भाकितं आणि मोजलेले दर दोन्ही टोकांना जुळले. लिथियम हायड्राइडच्या हिशेबावर आपण विसंबतो ते अशा परीक्षांच्या भरवशावर.

तरी एक सावधगिरी हवी. पद्धत कितीही चांगली असो, नकाशा चुकला तर उत्तर चुकतं. रसायनशास्त्रात नकाशातली एक किलोकॅलरी प्रति मोल इतकी चूक 'उत्तम' समजली जाते. म्हणजे ०.०४३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. खिंडीच्या उंचीत एवढी चूक झाली तर घरातल्या तापमानाला दर पाचपटीने चुकतो, आणि १०० केल्विनला दीडशेपटीने. थंड जगाचं रसायन माफ करत नाही.

आणि हे सगळं कशासाठी?

महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि लेशमात्र लिथियम तयार झालं. लेशमात्र म्हणजे गणिताप्रमाणे हायड्रोजनच्या दर हजार कोटी अणूंमागे लिथियमचे पाचेक अणू. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व ३००० केल्विनपर्यंत निवलं आणि अणू स्थिरावले. पुढे या वायूच्या ढगांतून पहिले तारे जन्मायचे होते. त्यासाठी ढग आकसायला हवेत, आणि आकसताना तापलेले ढग निवायलाही हवेत. तेव्हा धूळ नव्हती, कार्बन नव्हता, ऑक्सिजन नव्हता. उष्णता बाहेर फेकणार कोण?

हायड्रोजनचा रेणू हे काम करतो, पण कमी तापमानाला फार वाईट करतो. तो दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने त्याला विद्युत द्विध्रुव नाही, आणि त्याला फिरवायचं तर पहिलीच पायरी ५१० केल्विनइतकी उंच. लिथियम हायड्राइड याच्या अगदी उलट. एक टोक धन, दुसरं ऋण, द्विध्रुव भरभक्कम, आणि फिरण्याची पहिली पायरी फक्त २१ केल्विनची. निवण्यासाठी याहून चांगला रेणू मिळणं कठीण. म्हणून एकेकाळी अशी आशा होती, की लिथियम थोडं असलं तरी त्याचं हायड्राइड पहिल्या ढगांना निववायला मदत करत असेल, आणि कदाचित आकाशात त्याच्या खुणाही सापडतील.

पुंजगणिताने ही आशा दोन बाजूंनी कापली. लिथियम आणि हायड्रोजन एकत्र येऊन प्रकाश सोडत रेणू बनवतात, तो दर आधीच्या अंदाजापेक्षा कित्येक पटींनी कमी निघाला. आणि बनलेला रेणू भोवतीच्या अगणित हायड्रोजनपैकी एखाद्याशी टकरला, की वाटेत खिंड नसल्याने मोडायला तयार. येणं कमी आणि जाणं सोपं. निष्कर्ष: पहिल्या ताऱ्यांच्या जन्मात लिथियम हायड्राइडचा हातभार नगण्य असावा. अतिथंड ढगांत ते काम ड्युटेरियम आणि हायड्रोजनच्या जोडीने अधिक केलं असं आज मानलं जातं.

निकाल नकारात्मक आहे, पण त्यामुळे त्याची किंमत कमी होत नाही. तो लागला नसता तर पहिल्या ताऱ्यांच्या प्रत्येक गणितात हा रेणू 'असेल कदाचित' म्हणून लटकत राहिला असता. शिवाय हीच पद्धत त्याच्या भावंडांना लागू पडते: सूर्यावरच्या डागांच्या वर्णपटात दिसणारं मॅग्नेशियम हायड्राइड, थंड तांबड्या ताऱ्यांत दिसणारं कॅल्शियम हायड्राइड, सोडियम हायड्राइड, बेरिलियम हायड्राइड. प्रत्येकाचा घाट वेगळा, हिशेबाची रीत तीच.

त्या काळातल्या हायड्रोजनचा माग आजही काढला जातोय. जुन्नर तालुक्यात खोडदला असलेल्या जीएमआरटीच्या, म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींच्या, उद्दिष्टांपैकी एक तेच होतं: दूरच्या, तरुण विश्वातल्या हायड्रोजनची कुजबुज ऐकणं. पुढच्या भारतभेटीत पुण्याहून नारायणगावच्या बाजूला गेलात तर त्या पांढऱ्या जाळीदार थाळ्या दुरून दिसतील.

करून पाहा

फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा केला की सहसा त्यात 'ई'चा घातांक काढण्याचं बटण दिसतं. मुलांना सोबत घ्या. एका काल्पनिक अभिक्रियेची खिंड ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. औष्णिक ऊर्जा काढायला केल्विनमधलं तापमान ०.००००८६२ ने गुणा. खिंडीच्या उंचीला तिने भागा. आलेल्या संख्येचा घातांक 'ई'वर चढवा. ३०० केल्विनला साधारण २,३०० येईल: म्हणजे तितक्या टकरींत एक यशस्वी. आता १०० केल्विनला करा. उत्तर शंभर कोटींच्याही वर गेलेलं दिसेल, आणि खिंड नसलेल्या घाटाचं एवढं कौतुक का, ते मुलांना वेगळं समजवावं लागणार नाही.